आरमाराचें लांकूड आणि रयतेचीं झाडें

१

केडगांव हें अहमदनगर (आतां अहिल्यानगर) शहराच्या नैर्ऋत्येस, पुण्याच्या रस्त्यावर, रेणुकादेवीच्या स्थानाकरितां प्रसिद्ध असलेलें गांव होय. दौंड तालुक्यांत याच नांवाचें दुसरें एक गांव आहे, व कागदांत नुसतें 'केडगांव' आलें म्हणजे दोहोंची गल्लत होते; म्हणून हा खुलासा आरंभींच करून ठेवितों. नगरचें केडगांव आज महापालिकेच्या हद्दींत मोडतें. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे. अशा ठिकाणाहून आरमाराविषयीं लिहावें हें वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु त्याचें निमित्त येथेंच घडलें.

येथील एका संग्राहक स्नेह्यांकडे मोडी रुमाल पाहावयास आम्ही गेलों असतां त्यांच्या बैठकींत चौकटींत बसविलेलें एक छापील पान आमच्या दृष्टीस पडलें. मथळा होता, 'शिवछत्रपतींचें झाडांविषयींचें पत्र'. खालीं आरमाराकरितां रयतेचे आंबे, फणस तोडूं नयेत अशा अर्थाचा प्रसिद्ध मजकूर. असलीं पानें आज दिनदर्शिकांवर, शाळांच्या भिंतींवर व घरोघरच्या दूरध्वनियंत्रांतून सर्वत्र फिरत आहेत. स्नेह्यांनीं साहजिकच विचारलें कीं, या पत्राचें अस्सल कोठें पाहावयास मिळेल? आम्हांस उत्तर द्यावें लागलें कीं, हें पत्रच नव्हे. त्यावर ते किंचित् खट्टू होऊन म्हणाले, "मग चौकट उतरवून ठेवावी काय?" या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नाहीं, म्हणून हा लेख.

२

सदर मजकूर आज्ञापत्रांतील आहे. आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य बावडेकर. निळो सोनदेवांचे हे पुत्र इ. स. १६७४च्या राज्याभिषेकसमयीं अष्टप्रधानांत अमात्यपदीं होते. राजाराम महाराज जिंजीस गेले तेव्हां 'हुकूमतपन्हा' हा अधिकार धारण करून इकडील राज्याचा भार यांनींच वाहिला. आणि अखेरीस करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या कारकीर्दींत, इ. स. १७१५-१६च्या सुमारास, त्यांनीं हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथ छत्रपतींच्या आज्ञेच्या रूपानें आहे. राजधर्म, प्रधान, साहुकार, वतनदार, वृत्ति, दुर्ग असे विषय क्रमानें येऊन शेवटचें प्रकरण आरमाराचें आहे. वृक्षांचें कलम या शेवटच्या प्रकरणांत येतें. पुणतांबेकरांचें इंग्रजी भाषांतर इ. स. १९२९मध्यें प्रसिद्ध झालें, व बनहट्टी, जोशी इत्यादि संपादकांच्या आवृत्त्या अभ्यासकांच्या नित्य वापरांत आहेत. तेव्हां ही गोष्ट गुप्त आहे असें मुळींच नाहीं. तरीहि भिंतीवरच्या पानानें ग्रंथावर मात केली आहे.

शिवकालीन पत्र व हें कलम यांतील भेद नजरेंत भरण्यासारखा आहे. महाराजांचें आरमारासंबंधींचें अस्सल वळण पाहावयाचें असेल तर जानेवारी १६७५मध्यें प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास गेलेलें पत्र पाहावें. पद्मदुर्गाच्या कामीं दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमारास ऐवज व गल्ला पोंचविण्यांत त्यानें हयगय केली, याबद्दल त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली आहे. तेथें मायना आहे, नामनिर्देश आहे, मिति आहे, विशिष्ट गुन्हा आहे. वृक्षांच्या कलमांत यांपैकीं कांहींच नाहीं. तें कोणा एका अधिकाऱ्यास उद्देशून नाहीं, कोणत्या एका प्रसंगाचें नाहीं. तो सर्वकाळचा सामान्य नियम आहे. ज्यास पत्र वाचण्याचा सराव आहे त्यास एवढ्यावरूनच उलगडा व्हावा.

३

परंतु येथें थांबणें हाहि अन्यायच होईल. मजकूर महाराजांचें पत्र नव्हे, म्हणून तो महाराजांच्या राज्यनीतीशीं असंबद्ध आहे असें ठरत नाहीं. लिहिणारा पुरुष तरुणपणीं महाराजांच्या दरबारांत वावरलेला, राज्याचा जमाखर्च हाताखालून गेलेला, व औरंगजेबाच्या स्वारीची वर्षें काढून वृद्धापकाळीं लेखणी हातीं घेतलेला. पाहिलेली व्यवस्था विसरली जाऊं नये हाच त्याचा हेतु. शिवाय चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांस गेलेलें, सामान्यतः मे १६७३चें मानलें जाणारें पत्र याच वृत्तीचें आहे. पावसाळाभर पुरेल अशा बेतानें दाणागोटा व गवत खर्चा, विस्तवापासून गंजी जपा, रयतेच्या भाजीच्या देंठासहि हात लावूं नका, हा त्याचा आशय सर्वांस ठाऊक आहे. एकांत घोडदळाची छावणी आहे, दुसऱ्यांत आरमार आहे, विचार एकच.

तेव्हां आमचें मत असें कीं, या कलमास 'पत्र' म्हणूं नये, परंपरा म्हणावी. पत्र म्हटल्यानें आपण अमात्यांचें श्रेय बुडवितों, आणि त्याहून मोठी हानि अशी कीं, कलम त्याच्या प्रकरणांतून उपटून काढल्यामुळें त्याचा अर्थच पालटतो. भिंतीवरच्या पानावर तें वृक्षप्रेमाचें सुभाषित होतें. मूळ प्रकरणांत तो जहाजांच्या खर्चाचा हिशेब आहे.

४

हा हिशेब थोडा तपशिलानें पाहूं. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग आहे, व ज्याजवळ तें असेल त्याचाच समुद्र, येथून प्रकरणास आरंभ होतो. त्यानंतर लागलीच प्रश्न येतो तो जहाजांच्या मापाचा. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानहि नसाव्यात. मध्यम, चपळ असाव्यात. वाऱ्यावांचून जें हलूं शकत नाहीं असें अवजड जहाज करूं नये. यांत युद्धनीति तर आहेच. पण मोठ्या जहाजास मोठें लांकूड लागतें, व खाडीच्या उथळ पाण्यांत तें निरुपयोगी होतें, हेंहि कोंकणच्या किनाऱ्यावर राहिलेल्यास सांगावयास नको.

दुसरा प्रश्न वेतनाचा. आरमाराचा तनखा मुलखाच्या नेमस्त वसुलांतून द्यावा. समुद्रावर मिळणाऱ्या पैदास्तीवर त्याची नेमणूक करूं नये. कारण पोट ज्याचें पैदास्तीवर तो सावकारांस उपद्रव देणारच. सावकारी बुडाली कीं बंदर ओस पडतें, व बंदर ओस पडलें कीं आरमार राखावयाचें कशासाठीं? आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, तात्काळ मिळणाऱ्या लाभासाठीं उत्पन्नाचें मूळ खाऊन टाकूं नये.

तिसरा प्रश्न पावसाळ्याचा. पश्चिम किनाऱ्यावर ज्येष्ठापासून पुढें समुद्र बंद. त्या काळांत जहाजें ओढून घ्यावीं लागतात, तळ साफ करून तेल चोपडावें लागतें, नादुरुस्त फळ्या बदलाव्या लागतात. ही छावणी दर वर्षीं एकाच बंदरांत करूं नये, असें अमात्य बजावितात. ती पाळीपाळीनें निरनिराळ्या ठिकाणीं, किल्ल्याच्या आश्रयानें करावी. कारण आरमारी लोकांस कितीहि आवरलें तरी आसपासच्या मुलखास कांहींना कांहीं तोशीस लागतेच, ती एकाच गांवावर वर्षानुवर्षें पडूं नये. बंदरालगतच्या वस्तीवर जहाजांचा भार पडतो, व तो वांटून द्यावा लागतो, ही जाणीव तीनशें वर्षांपूर्वींच्या मराठी ग्रंथांत इतक्या स्वच्छपणें मांडलेली पाहून आम्हांस कौतुक वाटतें.

५

आतां लांकूड. आरमारास तक्ते, सोट, डोलकाठ्या लागतात. त्यांकरितां उत्तम लांकूड सागाचें. सागाच्या अंगीं एक प्रकारचें तेल असल्यामुळें तो पाण्यांत लवकर कुजत नाहीं, व लोखंडी खिळ्याशींहि त्याचें चांगलें जमतें. पण साग जहाजाजोगा होण्यास मनुष्याची हयात जाते. म्हणून नियम असा केला कीं, राज्याच्या अरण्यांतील सागवानादि वृक्षांपैकीं जें अनुकूल असेल तें हुजूर लिहून, हुजूरच्या परवानगीनें तोडावें. त्याहून अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. म्हणजे प्रत्यक्ष सरकारी अरण्यांतहि आरमाराच्या अधिकाऱ्यास मोकळीक नाहीं!

यानंतर आंबे व फणस. हींहि लांकडें आरमाराच्या उपयोगाचीं आहेत, हें अमात्य लपवीत नाहींत. उपयोगाचीं नसतीं तर निषेधाची गरजच काय होती? तरीहि त्यांस हात लावूं नये असें ते सांगतात, आणि त्याचीं कारणें देतात. हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होणारीं नव्हेत. रयतेनें तीं लावून पोटच्या मुलांप्रमाणें पुष्कळ काळ जतन केलेलीं असतात. तीं तोडलीं तर त्या दुःखास पार नाहीं. एकास दुःख देऊन दुसऱ्यानें साधलेलें कार्य टिकत नाहीं, उलट प्रजापीडनाचा दोष धन्याच्या पदरीं येतो. शिवाय झाडें नाहींशीं होण्यांत नुकसान आहे तें निराळेंच. क्वचित् एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, रोख मोल देऊन, त्याचा संतोष करून मग तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये.

या युक्तिवादाची बांधणी लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रथम काळ: जें उगवण्यास पिढी लागते तें एका मोसमाच्या निकडीसाठीं खर्चूं नये. मग मालकी: राज्याचें काम असलें तरी झाड रयतेचें आहे. मग संमति व मोबदला, दोन्ही. केवळ मोबदला पुरेसा मानलेला नाहीं. आणि शेवटीं राज्याचें स्वतःचें हित: दुखावलेल्या किनाऱ्यावर आरमार टिकत नाहीं. दुर्गांच्या प्रकरणांतहि हाच दूरदर्शीपणा आहे. गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ लावावे, जतन करावे. प्रसंगीं त्यांचें लांकूड उपयोगीं पडेल, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे अमात्य तोडीच्या विरुद्ध नाहींत. ज्यानें लावलें त्यानें, हिशेबानें, तोडावें असें त्यांचें म्हणणें.

६

या नियमाची किंमत कळण्यास त्याच्या उलट काय घडतें तें पाहिलें पाहिजे, व तें पाहण्यास कोंकण सोडून त्याच किनाऱ्यानें खालीं मलबारांत जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत जहाजांच्या ओक लांकडाची टंचाई झाली, आणि १८०५मध्यें मलबारचा साग राजाच्या आरमारास कायमचा कितपत पुरेल याची चौकशी सुरू झाली. नोव्हेंबर १८०६मध्यें कॅप्टन वॉटसन नांवाचा अधिकारी तेथील अरण्यांचा पहिला संरक्षक नेमला गेला. लवकरच सागावर कंपनीचें स्वामित्व जाहीर होऊन विनापरवाना तोड बंद झाली, व थोड्याच वर्षांत अरण्यांच्या खासगी मालकांचे हक्क जवळजवळ बुडाले. लांकूड भरपूर मिळालें. परंतु मालक व व्यापारी यांचा असंतोष इतका वाढला कीं, मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मनरो यांच्या कारकीर्दींत, १८२३मध्यें, तें पदच मोडावें लागलें. 'संरक्षक' या नांवाखालीं झालेलें हें काम वस्तुतः आरमाराच्या पुरवठ्याचें होतें. झाड राखावयाचें तें कोणासाठीं, हा प्रश्न तेथें रयतेला कोणी विचारलाच नाहीं. मुंबई इलाख्यांत अरण्यरक्षणाचें पद १८४७मध्यें डॉ. गिब्सन यांस मिळालें. नीलंबूर येथें कॉनोली यांनीं सागाची लागवड आरंभिली तीहि याच दशकांत. लावल्यावांचून तोडतां येत नाहीं, हें ज्ञान उशिरानें आलें.

सागाच्या बाजूनें एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १७३६मध्यें सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेलीं जहाजें दीर्घायुषी निघालीं. १८१७मध्यें पाण्यांत उतरलेलें 'ट्रिंकोमाली' हें त्यांपैकीं एक, इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. दोनशें वर्षें टिकणाऱ्या एका जहाजानें आपल्यानंतरच्या किती जहाजांचें लांकूड वांचविलें, हा हिशेब वाचकांनींच करावा. टिकाऊपणा हीहि एक काटकसरच आहे.

७

पुढें लांकडाची जागा लोखंडानें व वाऱ्याची जागा कोळशानें घेतली. मार्च १८३०मध्यें मुंबईहून सुवेजकडे निघालेल्या 'ह्यू लिंडसे' या मुंबईतच बांधलेल्या आगबोटीवर कोळसा इतका लादला होता कीं, उतारूंच्या खोल्याहि त्यांतून सुटल्या नाहींत. तरीहि वाटेंत एडन येथें पुन्हा भरणा करावा लागला. वारा फुकट होता. कोळशास खाण लागली, वखार लागली, आणि धूर आकाशांत सोडावा लागला. कोळशामागून जड तेल आलें. आज जगाच्या व्यापाराचा मालमापानें ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानें जातो, व मनुष्यकृत हरितगृह वायूंपैकीं सुमारें तीन टक्के जहाजें सोडतात. २०१८सालचा आंकडा २.८९ टक्के आहे. प्रत्येक टनामागें पाहिलें तर जहाज हें सर्वांत काटकसरी वाहन, हें खरें. परंतु एकूण भार लहान नव्हे.

तो भार मापण्याचें व वांटण्याचें काम लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे आहे. १ जानेवारी २०२०पासून जहाजी तेलांतील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. जुलै २०२३मध्यें, २०५०च्या सुमारास जहाजांचें वायूत्सर्जन निव्वळ शून्यावर आणावें, असें सभासद राष्ट्रांनीं ठरविलें. जहाज मोडण्याच्या कामासंबंधींचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजीं अमलांत आला; मुंबईच्या दारूखान्यांत किंवा गुजरातेंत अलंगला ज्यांनीं मोडलेल्या जहाजांचे सांगाडे पाहिले आहेत त्यांस याचें महत्त्व समजेल. पण वायूंची किंमत जहाजवाल्यांकडून वसूल करण्याची योजना पुढें आली तेव्हां ऑक्टोबर २०२५मध्यें निर्णय एका वर्षानें लांबणीवर पडला. ध्येयावर एकमत झालें. मोल कोणीं द्यावयाचें यावर झालें नाहीं. अमात्यांच्या कलमाचें बळ नेमकें याच ठिकाणीं आहे. झाड राखावें असें म्हणून ते थांबत नाहींत. तोडणाऱ्यानें रोख मोल द्यावें, आणि तेंहि धन्याच्या संतोषानें, असें ते लिहून ठेवितात.

८

कोणी म्हणेल, हें किनाऱ्यावरच्यांनीं पाहावें. घाटावरच्या केडगांवास त्याचें काय? परंतु घाटावरील मुलखाचा समुद्राशीं संबंध आजचा नाहीं. अफानासी निकितीन हा रूसी व्यापारी विक्रीचा घोडा घेऊन चौलास उतरला व तेथून जुन्नरास चढला, तो पंधराव्या शतकांत. १४९०मध्यें अहमदनगर वसल्यावर निजामशाहीचें तोंड समुद्राकडे उघडत होतें तें चौलासच. आणि त्या चौलाच्या पोर्तुगीज ठाण्यास मुर्तजा निजामशहानें १५७०-७१मध्यें वेढा घातला तो नगरच्या गादीच्या हितासाठीं. आज केडगांवाजवळच्या नेप्तीच्या बाजारांत कांद्याचे लिलाव होतात. या जिल्ह्याचा कांदा न्हावा-शेव्याच्या बंदरांतून परदेशीं जातो. जहाजाचा खर्च वाढला तर त्याची झळ येथें लागते. आणि त्याच जहाजांच्या धुराचा वांटा ज्या हवामानांत मिसळतो त्यावर या अवर्षणग्रस्त जिल्ह्याचा पाऊस अवलंबून आहे. किनाऱ्यावरच्या आंब्याच्या धन्याची जी स्थिति तीच आतां घाटावरच्या शेतकऱ्याची: जहाज त्याचें नाहीं, पण जहाजाची तोशीस त्याच्यापर्यंत पोंचते.

अखेरीस संग्राहकांस एक विनंति. आज्ञा लिहिली जाणें व ती पाळली जाणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, व दुसरीचा पुरावा ग्रंथांत मिळत नसतो. तो फुटकळ कागदांत मिळतो. कोंकणांतील देशमुख-देशपांडे, खोत, बंदरांचे कारकून, आरमारी सरदार यांच्या घराण्यांचे रुमाल आपणांपैकीं अनेकांच्या संग्रहीं आहेत. त्यांत लांकूड खरेदीच्या याद्या, जहाजदुरुस्तीचे जमाखर्च, सागाच्या तोडीची परवानगी मागणारे अर्ज असे कागद रुक्ष म्हणून बाजूस पडतात. ते बाजूस टाकूं नयेत. एखाद्या आंब्याच्या झाडाचें मोल मिळाल्याची एका कुणब्याची पावती हातीं आली तर भिंतीवरच्या हजार पानांहून तिची योग्यता अधिक समजावी. आणि झाड जबरीनें नेल्याची फिर्याद सांपडली तर तीहि तितक्याच निष्ठेनें छापावी.

केडगांवच्या स्नेह्यांस आम्हीं सांगितलें तें असें: चौकट उतरवूं नये, मथळा मात्र बदलावा. 'रामचंद्रपंत अमात्य, आज्ञापत्र, आरमारप्रकरण' एवढे शब्द पुरेत. त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं तसा कागद चिकटविला, आणि ग्रंथाची प्रत आमच्याकडून मागून नेली. ती अद्याप परत आलेली नाहीं. वाचन चालू असावें असें आम्ही समजतों.